लालबागच्या पतसंस्थेतले पाच अडॅप्टर

तक्रार वाय-फायच्या सुरक्षेची नव्हतीच. "दादा, इंटरनेट नसलं तरी चालेल हो, पण आमचं सॉफ्टवेअरच रांगतंय. मार्चअखेर तोंडावर आलीय, व्याज टाकायचंय," असं व्यवस्थापक मॅडमनी फोनवर सांगितलं. काउंटरवर खातं उघडायला लागणारा वेळ एवढा वाढला होता, की रांगेतली माणसं आतल्यांना सल्ले देऊ लागली होती. संगणक जुने झाले, व्हायरस शिरला, सॉफ्टवेअरवाल्याने मुद्दाम हळू केलं, असे तीन निष्कर्ष मी पोहोचण्याआधीच तयार होते.

हे प्रकरण २०२५ च्या मार्चअखेरीचं. संस्थेचं नाव देत नाही.

जागा

लालबागमधली जुनी चाळ, तळमजल्यावरचे दोन गाळे, मध्ये जाडजूड भिंत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली छोटी पतसंस्था. सभासद बहुतेक आसपासचेच. जागा पागडीची, त्यामुळे भिंतीला भोक पाडायचं म्हटलं की मालकाशी नवा वाद. पूर्वी एकदा दाराच्या चौकटीवरून नेटवर्कची केबल नेली होती, ती उंदरांनी कुरतडली. तेव्हापासून संस्थेने केबलचा नाद सोडला आणि प्रत्येक संगणकाला यूएसबीचा वाय-फाय अडॅप्टर लावला, म्हणजे संगणकाला केबलीशिवाय राउटरशी जोडणारं छोटं उपकरण.

मागच्या गाळ्यात मॅडमची केबिन. फायबरची तार तिथेच येते, राउटर तिथेच, आणि मॅडमच्या टेबलाखाली सर्व्हर म्हणवला जाणारा संगणक. पुढच्या गाळ्यात चार यंत्रं: रोख, ठेवी, कर्ज-वसुली आणि पासबुक छपाई. पहिली तीन विंडोज १० वर. पासबुकचं यंत्र मात्र विंडोज ७ चं, कारण त्याला जोडलेल्या छपाईयंत्राचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, त्यापुढच्या विंडोजवर चालतच नाही. संगणक अधूनमधून बदलले गेले, पण अडॅप्टर काटकसरीने जुन्यातून काढून नव्याला लावलेले. पाचही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातले, १५० एमबीपीएस वेगाचे.

संस्थेचं सॉफ्टवेअर जुन्या पद्धतीचं आहे. सर्व्हरवर एक शेअर केलेलं फोल्डर, त्यात डेटाच्या फायली, आणि प्रत्येक काउंटर त्या फायली थेट उघडतो. काउंटर आणि सर्व्हर यांच्यामधली ही ये-जा हे सॉफ्टवेअर स्वतः गुप्त करत नाही. ब्राउझरमधून बँकेच्या साइटवर गेलं तर तिथे एचटीटीपीएसचं कवच असतं; इथे खातेदाराचं नाव, शिल्लक, कर्जाची थकबाकी हे सगळं हवेतून जाताना त्यावर फक्त वाय-फायचं कवच. "आजकाल सगळं तसंही एन्क्रिप्टेडच असतं" हे वाक्य मी वरचेवर ऐकतो. छोट्या संस्थांच्या आतल्या कारभाराला ते लागू नाही.

राउटर बदलल्यानंतर

फेब्रुवारीत जुना राउटर जळाला. केबलवाल्याच्या मुलाने नवा आणून बसवला आणि नेटवर्कचं नाव व पासवर्ड जुनेच ठेवले, म्हणजे कुणाला काही बदलायला नको. विचार चांगला होता. नवा राउटर कारखान्यातून डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ (वाय-फायवरचं बोलणं झाकणाऱ्या सुरक्षा पद्धती, तीन ही नवी) अशा मिश्र सेटिंगवर आलेला. चार यंत्रं जोडली गेली, पासबुकचं जोडलं जाईना. दारात रांग, मॅडमची घाई. मुलाने राउटरमधले पर्याय एकेक करून पाहिले आणि 'डब्ल्यूपीए-पीएसके, टीकेआयपी' ही त्याहून जुनी जोडी (पीएसके म्हणजे सगळ्यांना एकच पासवर्ड, टीकेआयपी म्हणजे जुनं कूटलेखन) निवडल्यावर पासबुकचं यंत्र जोडलं गेलं. तो चहा पिऊन गेला.

मी रोख काउंटरवर बसून विंडोजच्या काळ्या आज्ञा-खिडकीत 'नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस' ही आज्ञा दिली. उत्तरात रेडिओचा प्रकार ८०२.११जी, म्हणजे वाय-फायची जुनी पिढी, आणि वेग ५४ एमबीपीएस. अडॅप्टर त्यापुढच्या ८०२.११एन पिढीचा, राउटर त्याहून नवा, आणि बोलणं मात्र २००३ सालच्या वेगाने. कारण त्याच उत्तरात दोन ओळी खाली होतं: सायफर (कूटलेखनाची पद्धत), टीकेआयपी. ८०२.११एन चे वाढीव वेग टीकेआयपीबरोबर वापरायला मानकातच मनाई आहे. कूटलेखन जुनं निवडलं की वेगही जुन्यावर येतो.

त्यात ५४ हा कागदावरचा आकडा. प्रत्यक्ष हाती येतं ते निम्म्याहून कमी, आणि तेही सगळ्यांत वाटून. इथे तर सर्व्हरसुद्धा वाय-फायवर होता, म्हणजे प्रत्येक फाइल सर्व्हरकडून राउटरकडे आणि राउटरकडून काउंटरकडे अशी दोनदा हवेतून जायची. शिवाय ही चाळ. फोनवर पाहिलं तर १, ६ आणि ११ या तिन्ही चॅनेलांवर शेजारपाजारच्या नेटवर्कांची दाटी. व्याज टाकायला वेळ लागत होता तो ह्यामुळे.

रोख काउंटरवरच्या ताईंनी एक गोष्ट सहज सांगितली: "ते वाय-फायच्या नावाखाली 'सुरक्षित नाही' असं काहीतरी येतं. आम्हाला वाटलं आपलं इंटरनेटचं बिल राहिलंय." डब्ल्यूईपी (वाय-फायची सगळ्यांत जुनी सुरक्षा पद्धत) किंवा टीकेआयपी दिसलं की विंडोज १० आवृत्ती १९०३ पासून हा इशारा देतं. इशारा बरोबर होता, फक्त त्यात काय करायचं ते लिहिलेलं नव्हतं.

पासबुकच्या यंत्रातली चौकट

सगळ्या कार्यालयाला खाली ओढलं ते पासबुकच्या यंत्राने. त्याचा अडॅप्टर साधारण २०१० चा. मार्च २००६ पासून वाय-फाय प्रमाणपत्र हवं असेल तर डब्ल्यूपीए२ येणं सक्तीचं आहे, म्हणजे त्याला एईएस हे टीकेआयपीपुढचं, मजबूत कूटलेखन येत असणार. मग तो का अडला?

उत्तर घड्याळाशेजारच्या एका छोट्या हिरव्या चिन्हात होतं. त्या काळी अडॅप्टरसोबत सीडी यायची आणि सीडीत उत्पादकाचं स्वतःचं जोडणीचं सॉफ्टवेअर. ते टाकलं की वाय-फायचा ताबा विंडोजकडून काढून हे सॉफ्टवेअर स्वतःकडे घेतं. विंडोजच्या यादीत नेटवर्क 'विसरा' म्हटलं तरी काही फरक पडत नाही, कारण जोडणीचा मालक दुसराच. केबलवाल्याचा मुलगा विंडोजच्या यादीतच झगडत राहिला होता.

ते चिन्ह उघडलं, 'प्रोफाइल' (साठवलेल्या जोडण्यांची सेटिंगं) आणि मग 'सिक्युरिटी' हे पान. तिथे दोन खोके असतात, एक ऑथेंटिकेशनचा आणि एक एन्क्रिप्शनचा. लोक दोन्ही एकच समजतात. पहिल्यात ठरतं ते आत यायचा अधिकार कसा सिद्ध करायचा. दुसऱ्यात ठरतं ते आत आल्यावरचं बोलणं कशाने झाकायचं. जतन केलेल्या प्रोफाइलमध्ये पहिल्यात डब्ल्यूपीए-पीएसके आणि दुसऱ्यात टीकेआयपी होतं. पासवर्ड बरोबर, नाव बरोबर, पण हे सॉफ्टवेअर प्रोफाइलमध्ये लिहिलंय तसाच राउटर मागत बसलं होतं. नवा राउटर डब्ल्यूपीए२ सांगतोय म्हटल्यावर त्याने त्याला ओळखच दिली नाही.

त्याच यादीत खाली आणखी एक प्रोफाइल सापडलं, त्याहून जुनं, डब्ल्यूईपीचं. सचिवकाका मागे उभे होते, त्यांना लगेच आठवलं. "ते पहिल्या वाय-फायचं असणार. अहो, तेव्हा पोलीस उघडी वाय-फाय शोधत होते ना." काकांचं बरोबर होतं. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळची धमकीची ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वाय-फायवरून गेल्याचं तपासात निघालं होतं, आणि २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी उघडी नेटवर्कं शोधण्याची मोहीम जाहीर केली होती. त्या धास्तीत संस्थेने पासवर्ड घातला होता, आणि पुढे हा अडॅप्टर आला तेव्हा तेच सेटिंग त्यात भरलं गेलं.

त्या डब्ल्यूईपी प्रोफाइलमध्ये ऑथेंटिकेशनच्या खोक्यात 'ओपन' आणि 'शेअर्ड' असे दोन पर्याय होते आणि 'शेअर्ड' निवडलेला होता. निवडणाऱ्याचा तर्क समजतो: 'ओपन' म्हणजे उघडं, मग ते कोण घेईल? प्रत्यक्षात उलटं आहे. 'शेअर्ड'मध्ये राउटर एक मजकूर उघडा पाठवतो आणि अडॅप्टर तोच मजकूर किल्लीने झाकून परत पाठवतो. हवेत कान लावून बसलेल्याच्या हाती दोन्ही लागतात, आणि दोन्ही ताडून पाहिले की झाकण्यासाठी वापरलेला बिटांचा प्रवाह उघडा पडतो. 'ओपन'मध्ये निदान हे तरी फुकट मिळत नाही. अर्थात डब्ल्यूईपी दोन्हीकडून मोडकंच. त्यातला डेटाच्या दर पाकिटागणिक बदलणारा आकडा फक्त २४ बिटांचा, म्हणजे १,६७,७७,२१६ किमती. रहदारी असलेल्या नेटवर्कवर तो पुन्हा पुन्हा येतोच. २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर यांनी त्याची मूळ दुबळी बाजू दाखवली, आणि २००७ पर्यंत जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या संशोधकांनी १०४ बिटांची किल्ली मिनिटाच्या आत काढून दाखवली.

टीकेआयपी ही त्यावरची डागडुजी. डब्ल्यूईपीसाठी बनलेल्या चिपा फेकून न देता नुसत्या नव्या फर्मवेअरवर (उपकरणाच्या आतल्या सॉफ्टवेअरवर) चालाव्यात म्हणून २००३ मध्ये डब्ल्यूपीएबरोबर आणलेली. ती तात्पुरतीच म्हणून आली होती. लालबागमध्ये तिचा मुक्काम २०२५ पर्यंत वाढला.

दोन्ही प्रोफाइलं पुसली. नवं केलं, डब्ल्यूपीए२-पीएसके आणि एईएस. पासवर्ड घालताना आणखी एक अडथळा आला, आणि तो मराठी कार्यालयांत हमखास येतो. या यंत्रावर नावं टाइप करायला इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावलेला असतो. पासवर्डच्या खोक्यात नुसते ठिपके दिसतात, आणि ठिपक्यांमागे देवनागरी उमटलेली असली तरी कळत नाही. वाय-फायचा पासवर्ड ८ ते ६३ साध्या आस्की अक्षरांचाच, म्हणजे रोमन अक्षरं, आकडे आणि चिन्हांचाच लागतो. "पासवर्ड चुकीचा" म्हणून येणारे कितीतरी फोन या एका कारणाचे असतात. आधी नोटपॅडमध्ये टाइप करून बघावं.

राउटर डब्ल्यूपीए२ व फक्त एईएसवर नेला. विंडोज १० च्या तीन काउंटरांवर नेटवर्क 'विसरा' करून पुन्हा जोडावं लागलं, कारण त्यांनीही मधल्या काळात टीकेआयपीचं प्रोफाइल साठवून ठेवलं होतं. सर्व्हरचा अडॅप्टर तर काढूनच टाकला. राउटर हाताच्या अंतरावर असताना त्याला वाय-फाय कशाला? एक छोटी केबल लावली आणि हवेतला अर्धा प्रवास संपला. खातं पूर्वीसारखं लगेच उघडू लागलं.

"झालं ना मग?"

मॅडमचा प्रश्न रास्त होता. बिल तिथेच फाडता आलं असतं. पण राउटरचं पान उघडलेलंच होतं, म्हणून मी काकांना आणि मॅडमना उरलेलं दाखवलं.

पासवर्ड म्हणजे संस्थेचं छोटं नाव आणि पुढे स्थापनेचं वर्ष. दोन्ही बाहेरच्या पाटीवर रंगवलेलं. शिवाय तो रोख काउंटरमागे कागदावर चिकटवलेला, दैनिक ठेव गोळा करणाऱ्या एजंटांच्या सोयीसाठी. संध्याकाळी ते येतात, फोनवरच्या ॲपमधून दिवसाचा भरणा चढवतात. काही एजंट सोडून गेले, नवे आले, पासवर्ड तोच. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी पिनने जोडून घ्यायची सोय, तीही चालू होती. ते २०११ मध्येच उघडं पडलं आहे: आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जात असल्याने फार तर ११,००० प्रयत्नांत सापडतो. ते तिथल्या तिथे बंद केलं.

सुरक्षा म्हणून एकच गोष्ट केलेली होती. राउटरवर मॅक पत्त्यांची (प्रत्येक वाय-फाय उपकरणाच्या ओळख-आकड्यांची) यादी, म्हणजे ओळखीच्या यंत्रांनाच प्रवेश. मॅक पत्ता प्रत्येक पाकिटावर उघडा लिहिलेला असतो, तो बघून कुणीही उसना घेतो. उलट अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला बनावट मॅक पत्ता सांगतात, त्यामुळे फोन बदललेले एजंटच बाहेर अडकायचे. यादी काढून टाकली.

काकांचा आक्षेप वेगळाच होता, आणि त्या दिवसभरातला सगळ्यांत चांगला. "पासवर्ड एजंटांना माहीत आहे, त्यात बिघडलं काय? ती आपलीच माणसं. चोर असते तर पैसे गोळा करायला पाठवले असते का?"

काकांना मी असं सांगितलं. डब्ल्यूपीए२-पीएसकेमध्ये पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव मिळून, ४०९६ वेळा घुसळून, एक मूळ किल्ली बनते. ती सगळ्यांची एकच. यंत्र जोडलं जाताना राउटर आणि अडॅप्टर एकमेकांना एकेक यादृच्छिक आकडा सांगतात आणि त्यातून त्या जोडणीपुरती वेगळी किल्ली तयार होते. पण ते आकडे हवेतून उघडेच जातात. म्हणजे पासवर्ड ज्याला माहीत आहे, आणि रोख काउंटर जोडलं जातानाचं संभाषण ज्याने टिपलं आहे, तो काउंटरची किल्ली स्वतः बनवू शकतो आणि पुढचं सगळं वाचू शकतो. काउंटर आधीच जोडलेलं असेल तर खोटा 'जोडणी तोडा' संदेश पाठवून त्याला क्षणभर बाहेर काढायचं, ते लगेच परत जोडलं जातं. पासवर्ड माहीत नसलेल्यालाही टिपलेल्या संभाषणावर घरी बसून अंदाज लावता येतात, आणि संस्थेचं नाव व वर्ष हा अंदाज पहिल्या पानावरचा. भरवसा एजंटांवर आहेच. पण तोच भरवसा एजंटाच्या फोनवर, त्या फोनमधल्या फुकट ॲपवर आणि तो फोन विकत घेणाऱ्या पुढच्या माणसावरही टाकला जातोय, हे कुणी ठरवलं नव्हतं.

काका थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "आणि ते तीन नंबरचं? राउटरवर होतं म्हणता ते?"

डब्ल्यूपीए३ जून २०१८ मध्ये आलं आणि जुलै २०२० पासून नव्या यंत्रांच्या प्रमाणपत्रासाठी सक्तीचं झालं. त्यातली एसएई ही पद्धत प्रत्येक जोडणीला नवी किल्ली अशी घडवते, की पासवर्ड माहीत असूनही दुसऱ्याचं टिपलेलं बोलणं उलगडत नाही. घरी बसून अंदाज लावणंही बंद. प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी समोरासमोर बोलावं लागतं. आणि तो खोटा 'जोडणी तोडा' संदेश चालत नाही, कारण व्यवस्थापनाचे संदेशही राखले जातात. मात्र एक पळवाट राहते: पासवर्ड माहीत असलेला माणूस त्याच नावाचा खोटा राउटर उभा करू शकतो. म्हणून डब्ल्यूपीए३ आलं तरी काउंटरांचा पासवर्ड एजंटांकडे नकोच.

पण राउटरवर तीन नंबर निवडून काम होत नाही. अडॅप्टरला ते यावं लागतं. रोख काउंटरवर 'नेटश डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स' दिलं. ऑथेंटिकेशन आणि सायफर यांच्या जोड्यांची यादी येते. ती डब्ल्यूपीए२-पर्सनल, सीसीएमपी इथे संपली. सीसीएमपी म्हणजे आपलं एईएसच. व्यवस्थापन-संदेशांच्या संरक्षणापुढे 'नो'. ड्रायव्हर कित्येक वर्षांपूर्वीचा आणि उत्पादकाच्या पानावर त्यापुढचा नाही. हे शेवटचं मला जास्त खटकलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये संशोधक मॅथी व्हॅनहोफ यांनी उघड केलेला 'क्रॅक' हा दोष मुख्यतः जोडणाऱ्या यंत्राच्या बाजूचा होता. राउटर कितीही नवा घ्या, दुरुस्ती संगणकात आणि ड्रायव्हरमध्येच व्हावी लागते. विंडोजपुरती ती त्याच महिन्यात आली. पण ज्या अडॅप्टरकडे त्याचा निर्माता वळूनही पाहत नाही, त्याच्यातलं पुढचं भोक कोण बुजवणार?

एंटरप्राइज का नको म्हटलं

काकांचा पुतण्या आयटीत आहे. त्याने फोनवर सुचवलं, प्रत्येकाला वेगळं नाव-पासवर्ड देणारं डब्ल्यूपीए२-एंटरप्राइज लावा. कल्पना चुकीची नाही. मोठ्या कार्यालयात मी तेच लावतो. एक माणूस सोडून गेला तर त्याचंच खातं बंद करायचं, बाकीच्यांना धक्का नाही.

त्यासाठी रेडियस सर्व्हर, म्हणजे ही नाव-पासवर्ड तपासणारा वेगळा सर्व्हर लागतो. फ्रीरेडियस फुकट आहे, पण तो सांभाळणारा माणूस फुकट नसतो. सर्व्हरची ओळख पटवणारं डिजिटल प्रमाणपत्र मुदतीने संपतं, आणि संपेल त्या सकाळी सगळे काउंटर बंद. याहून मोठा धोका अडॅप्टरच्या बाजूला असतो. पीईएपी (एंटरप्राइजमधली नाव-पासवर्ड तपासायची पद्धत) लावल्यावर विंडोजमध्ये सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासण्याची एक खूण असते. ती घाईत काढली, की संगणक कुठल्याही खोट्या राउटरला आपलं नाव-पासवर्डाचं उत्तर देऊन बसतो; आणि आतली एमएस-चॅप-व्ही२ ही पद्धत २०१२ मध्येच डीईएस या जुन्या कूटलेखनाच्या एका किल्लीइतकी कमकुवत ठरली आहे. जिथे एका खोक्यातला टीकेआयपी पंधरा वर्षं कुणाला दिसला नाही, तिथे ही खूण कायम जागेवर राहील यावर मी पैज लावणार नाही. वाय-फायवरच्या चार यंत्रांसाठी डब्ल्यूपीए३ आणि तीन माणसांनाच माहीत असलेला पासवर्ड, हे जास्त टिकाऊ. पुतण्याला ते फारसं पटलं नाही.

लॅमिंग्टन रोड

अडॅप्टर घ्यायला लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानदाराने काउंटरवर पाच-सहा खोकी ओतली, "कुठलाही घ्या, सगळ्यात चालतं." चालतं हे खरं, पण खोक्यावर डब्ल्यूपीए३ छापलेलं दोनांवरच होतं. ८०२.११एसी चे (वाय-फाय ५ चे) बरेच अडॅप्टर डब्ल्यूपीए२ वरच थांबतात. वाय-फाय ६ चं अधिकृत प्रमाणपत्र असेल तर डब्ल्यूपीए३ असतंच, पण नुसतं खोक्यावर मोठं '६' छापणं म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या हार्डवेअर आवृत्तींत चिप निराळी असू शकते, म्हणून खोक्याखालची आवृत्ती वाचून मग निर्मात्याच्या पानावरचा ड्रायव्हर दुकानातच फोनवर पाहिला. तीन घेतले, पाच हजारांच्या आत. सोबत यूएसबीच्या छोट्या एक्स्टेंशन केबली, त्या हव्याच. लोखंडी टेबल आणि कपाटाच्या फटीत खोचलेला अडॅप्टर ऐकणार काय? त्यातून यूएसबी ३ च्या पोर्टाचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झवर पडतो तो वेगळा.

जुनी सॉफ्टवेअरं काढली, नवे ड्रायव्हर घातले, सीडीतलं जोडणीचं सॉफ्टवेअर मुद्दाम टाकलं नाही. ताबा विंडोजकडेच राहू दे.

राउटरवर दोन नेटवर्कं केली. काउंटरांचं फक्त डब्ल्यूपीए३, व्यवस्थापन-संदेशांचं संरक्षण सक्तीचं, नावात संस्थेचा उल्लेख नाही. दुसरं फोनांसाठी, डब्ल्यूपीए२ व एईएस, गेस्ट म्हणून. तिथून सर्व्हर दिसत नाही. एजंटांचं ॲप इंटरनेटवरूनच बोलतं, त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही. बोटाचा ठसा घेणारं हजेरीयंत्र फक्त २.४ गिगाहर्ट्झ आणि डब्ल्यूपीए२ जाणतं, तेही तिकडेच गेलं. दोन्हींचे पासवर्ड वेगळे. मिश्र सेटिंग मी मुद्दाम टाळलं: २०१९ मध्ये 'ड्रॅगनब्लड' नावाने उघड झालेल्या दोषांत हेही होतं, की मिश्र नेटवर्कच्या नावाचा फक्त डब्ल्यूपीए२ वाला खोटा राउटर उभा केला, तर नवं यंत्रसुद्धा जुन्या पद्धतीने बोलू लागतं आणि अंदाज लावायला पुन्हा साहित्य मिळतं. पासवर्ड एक ठेवला असता तर हेच दुसऱ्या दाराने झालं असतं.

काउंटरांचा पासवर्ड मॅडमनी स्वतः बनवला: रोमन लिपीत चार असंबद्ध मराठी शब्द, मध्ये आडव्या रेघा. तिन्ही काउंटरांवर 'शो इंटरफेसेस' पाहिलं: डब्ल्यूपीए३-पर्सनल, सीसीएमपी. राउटरच्या व्यवस्थापनाचा पासवर्ड कारखान्याचाच होता, तो बदलला, फर्मवेअर नवं केलं. भिंतीवरचा कागद ताईंनी काढला आणि त्या जागी फोनांच्या नेटवर्कचा लावला. त्याला माझी हरकत नव्हती.

पासबुकचं यंत्र

राहिलं ते विंडोज ७. जानेवारी २०२० पासून त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, आणि कुठलाही अडॅप्टर लावला तरी ते डब्ल्यूपीए३ बोलू शकत नाही. त्याला सर्व्हरचं फोल्डर तर हवंच, म्हणजे गेस्टवर टाकून चालत नाही. त्याच्यासाठी काउंटरांचं नेटवर्क पुन्हा मिश्र करायचं, तर केबलवाल्याच्या मुलाने केलं त्यात आणि यात फरक काय राहिला?

म्हणून त्याचा अडॅप्टर काढला आणि त्याच टेबलावर एक छोटा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फायची डबी, क्लायंट मोडमध्ये (वाय-फाय देणारी नव्हे, घेणारी म्हणून) ठेवला. तो राउटरशी डब्ल्यूपीए३ने बोलतो आणि संगणकाला फूटभर केबलने जोडला आहे. संगणकाच्या लेखी तो केबलवरच आहे. वाय-फायचं शहाणपण सगळं त्या डबीत. विकत घेण्याआधी क्लायंट मोडमध्येही डब्ल्यूपीए३ चालतं ना, हे तपासावं लागलं, कारण काही डब्या राउटर म्हणून तीन नंबर देतात आणि ग्राहक म्हणून दोनवरच थांबतात. शिवाय त्या यंत्राला नेटवर्कचा पत्ता हाताने दिला आणि गेटवेचा, म्हणजे बाहेर जायच्या रस्त्याचा, खोका रिकामा ठेवला. सर्व्हर दिसतो, इंटरनेट दिसत नाही.

मार्चअखेर त्यावर निभावली. विंडोज १० चा आधारही त्याच वर्षी ऑक्टोबरात संपणार होता, म्हणून काकांनी दोन्ही विषय, काउंटरांचं विंडोज आणि नवं पासबुक छपाईयंत्र, संचालक मंडळाच्या एकाच सभेत घेतले. विंडोजचा ठराव लगेच झाला. छपाईयंत्राची किंमत ऐकून तो विषय पुढच्या सभेवर गेला, आणि तोवर ती डबी तिथेच आहे.